कॉन्व्हेंटचा दाखला आणि घरचा दीन

दहावीचा निकाल लागला की रत्नागिरीत दरवर्षी तीच लगबग सुरू होते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अकरावीच्या प्रवेशाची धावपळ आणि घराघरांत पेढे. मिरकरवाडा, राजिवडा, उद्यमनगर, कोकणनगर या आपल्या वस्त्यांतील मुले उर्दू शाळांतून दहावी होतात, मराठी शाळांतून होतात आणि सेक्रेड हार्ट कॉन्व्हेंटसारख्या ख्रिस्ती संस्थेच्या इंग्रजी शाळेतूनही होतात. कुणाचे वडील कुवेत-बहरीनला असतात, कुणाचा होडीचा धंदा असतो, कुणी सरकारी नोकरीत असतो. मुलाचे इंग्रजी पक्के व्हावे, शिस्त लागावी म्हणून पोटाला चिमटा काढून त्यांनी ही शाळा निवडलेली असते.

मूल शिकले, चांगल्या गुणांनी पास झाले, तरी अशा घरांत एक काळजी उरतेच. शिक्षकी पेशात असल्यामुळे ती आमच्या कानांवर नेहमी येते. बालवर्गापासून दहावीपर्यंत बारा-तेरा वर्षे मुलाने जिथे सकाळची प्रार्थना ऐकली, भिंतीवरचा क्रूस पाहिला, नाताळची गाणी ऐकली, त्या शाळेने त्याच्या ईमानला काही धक्का तर लावला नाही ना?

ही काळजी खोटी नाही. ती दाखवायच्या बोटाची दिशा मात्र चुकते, असे आम्हांला वाटते. शाळेने काय दिले हे आपण वारंवार तपासतो. त्याच बारा-तेरा वर्षांत घराने आणि मोहल्ल्याने काय दिले, हे क्वचितच तपासतो.

भीतीला इतिहास आहे

आपल्या वडीलधाऱ्यांना मिशनच्या शाळांची भीती वाटायची, ती उगाच नव्हती. कोकणाला या शाळांची ओळख फार जुनी आहे. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी आपल्याच जिल्ह्यातील बाणकोटला आले. हर्णैलाही त्यांचे ठाणे होते. १८२९ मध्ये मुंबईत आलेले जॉन विल्सन मराठी शिकण्यासाठी हर्णैला राहिले होते. त्या काळी या शाळा बायबल उघडपणे शिकवीत आणि धर्मप्रसार हाच आपला हेतू असल्याचे लपवीत नसत. १८३९ मध्ये विल्सन यांच्या मुंबईतील शाळेच्या पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पारशी समाजात केवढी खळबळ उडाली आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेले. अशा गोष्टी ऐकलेल्या पिढीने मुलांना लांब ठेवले, तर त्यात नवल नाही.

पण लांब राहण्याची किंमतही मोठी होती. इतर समाज शिकून पुढे गेले आणि आपण मागे राहिलो. ही जाणीव झाली तेव्हा बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. दीन आणि आधुनिक शिक्षण एकाच छपराखाली मिळावे, हा हेतू होता.

आज परिस्थिती बदलली आहे. आजच्या कॉन्व्हेंटमध्ये बोर्डाचाच अभ्यासक्रम असतो. पुस्तके, परीक्षा, गुणपत्रिका सारे काही इतर शाळांसारखेच. मग आजचा खरा प्रश्न कोणता? तो समजून घेण्यासाठी मिशनच्या शाळेत शिकलेल्या तीन माणसांकडे पाहू या.

मिशनच्या शाळेतले तिघे

पहिले महात्मा जोतीराव फुले. ते मुसलमान नव्हते, पण त्यांच्या शिक्षणाच्या गोष्टीत एक मुसलमान आहे. जोतीबांचे शिक्षण अर्ध्यावर थांबले होते. शेजारचे मुन्शी गफ्फार बेग आणि लिजिटसाहेब नावाचे ख्रिस्ती गृहस्थ या दोघांनी वडील गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीबा पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. एका मुसलमानाने आणि एका ख्रिस्ती माणसाने मिळून एका माळ्याच्या मुलाला शाळेत पाठवले, आणि त्या मुलाने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढून महाराष्ट्राला जागे केले. जोतीबा ख्रिस्ती झाले नाहीत. ख्रिस्ती शाळेत शिकलेल्या याच माणसाने पुढे आपल्या प्रेषितांवर ‘मानव महंमद’ हे काव्यही लिहिले.

दुसरे अल्लामा इक्बाल. सियालकोटच्या स्कॉच मिशन शाळेतून ते १८९३ मध्ये मॅट्रिक झाले आणि पुढची दोन वर्षेही तिथल्याच कॉलेजात शिकले. त्या मिशनच्या संस्थेत अरबी-फारसी शिकवायला मौलवी मीर हसन होते. इक्बाल यांनी या उस्तादाचे ऋण आयुष्यभर मानले. १९२३ मध्ये सरकारने त्यांना ‘सर’ किताब दिला, तेव्हा आधी माझ्या उस्तादांना मान द्या असा त्यांनी आग्रह धरला आणि मीर हसन यांना ‘शम्सुल उलमा’ किताब मिळाला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. इक्बाल यांचे वडील शिवणकाम करणारे, फार न शिकलेले गृहस्थ. कुरआन असा वाच की जणू तो तुझ्यावरच उतरतो आहे, अशा आशयाची नसीहत त्यांनी मुलाला केली होती.

तिसरे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. रामेश्वरमच्या एका होडीवाल्या, दीनदार घरातला मुलगा रामनाथपुरमच्या श्वार्ट्झ हायस्कूलमध्ये शिकला. हे नाव एका ख्रिस्ती मिशनऱ्याचे आहे. तिथले शिक्षक इयादुराई सॉलोमन यांचे उपकार कलामसाहेबांनी नेहमी सांगितले. पुढे तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून ते १९५४ मध्ये पदवीधर झाले. तेही ख्रिस्ती पाद्र्यांचेच कॉलेज. पण या मुलाचे बोट धरून वडील जैनुलाबदीन त्याला रोज संध्याकाळी मशिदीत नेत. आपल्या आत्मचरित्रात कलामसाहेब सांगतात की नमाजमधील अरबी शब्दांचा अर्थ त्यांना लहानपणी कळत नसे. पण दुआ म्हणजे काय, ती कशासाठी करायची, हे वडील त्यांना साध्या, घरगुती तमिळमध्ये समजावून सांगत.

इक्बाल आणि कलाम दोघेही ख्रिस्ती शाळेतून बाहेर पडले ते आपला दीन सोबत घेऊन. दोघांच्याही घरात कुणीतरी असे होते, ज्याने दीन नुसता पाठ करून घेतला नाही, तर मुलाला कळेल अशा शब्दांत सांगितला.

समजलेले आणि पाठ झालेले

आता आपल्या घरांकडे वळू. कॉन्व्हेंटमध्ये जाणारे आपले मूल दिवसाचे सहा-सात तास इंग्रजीत असते. घरी कोकणीत बोलते, बाजारात मराठीत. संध्याकाळी तासभर मकतबमध्ये जाते. तिथे कायदा होतो, सिपारे होतात, एक दिवस कुरआनचा खत्म होतो, मिठाई वाटली जाते. ही बरकतीची गोष्ट आहे आणि हाफिजसाहेबांची मेहनत मोठी आहे. पण नाजिरा म्हणजे अक्षर ओळखून वाचणे. अर्थ पुढे कुणीतरी शिकवायचा असतो, आणि तो ‘पुढे’ बहुतेकदा येतच नाही. मूल सातवी-आठवीत गेले की ट्यूशन सुरू होते, संध्याकाळ भरून जाते आणि मकतब सुटते. मकतबची पुस्तके अनेक ठिकाणी उर्दूत असतात आणि कॉन्व्हेंटच्या मुलाला उर्दू वाचता येत नाही.

परिणाम असा होतो. शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला क्षमा, सेवा, खरेपणा हे त्याला समजेल अशा भाषेत शिकवले जाते. प्रश्न विचारला तर उत्तर मिळते. मकतबमध्ये जे शिकले ते पाठ झाले, पण त्याची उकल झाली नाही. दहावीचा दाखला हातात येतो तेव्हा विज्ञान आणि गणित सोळा वर्षांच्या मुलाचे असते, आणि दीनची समज मात्र अकरा-बारा वर्षांवर थांबलेली असते.

आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून हे स्पष्ट सांगण्याचा थोडा अधिकार आम्हांला आहे. उर्दू आपली जिव्हाळ्याची भाषा आहे. ती मुलांना यावी यासाठी जरूर झटावे. पण ती येईपर्यंत दीनने दाराबाहेर थांबावे, हे बरोबर नाही. कुरआनचा तर्जुमा मराठीत मिळतो, इंग्रजीत मिळतो. ज्या भाषेत मूल विचार करते, त्या भाषेत त्याला दीन कळला पाहिजे. जैनुलाबदीन यांनी तमिळमध्ये केले, तेच आपण मराठीत किंवा आपल्या कोकणीत करायचे आहे.

हजरत जाफर (रजि.) यांचा धडा

ख्रिस्ती लोकांमध्ये राहून मुसलमानाने कसे वागावे, याचा सर्वांत सुंदर धडा इस्लामच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत मिळतो. मक्केत छळ वाढला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या साथीदारांना हब्शाला, म्हणजे अॅबिसिनियाला जाण्यास सांगितले. तिथला राजा नज्जाशी ख्रिस्ती होता आणि न्यायी म्हणून प्रसिद्ध होता. मक्केच्या सरदारांनी नजराणे देऊन माणसे पाठवली आणि या लोकांना आमच्या स्वाधीन करा अशी मागणी केली. राजाने मुसलमानांना दरबारात बोलावले. त्यांच्या वतीने हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) बोलले.

त्यांनी आधी सांगितले ते आचरणाबद्दल. आम्ही अज्ञानात होतो, दुबळ्यांना लुटत होतो. प्रेषितांनी आम्हांला एका अल्लाहची इबादत, खरे बोलणे, अमानत जपणे, नातेवाइकांशी आणि शेजाऱ्यांशी चांगले वागणे शिकवले. मग राजाने काही ऐकवायला सांगितले, तेव्हा त्यांनी सूरह मरियमच्या आयती ऐकवल्या. दोन्ही धर्मांना जोडणारी गोष्ट त्यांनी निवडली. राजाच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी विरोधकांनी डाव टाकला: हे लोक ईसांबद्दल काय म्हणतात ते विचारा! तेव्हा हजरत जाफर (रजि.) यांनी मतभेद झाकला नाही. हजरत ईसा (अलै.) हे अल्लाहचे बंदे आणि त्याचे प्रेषित आहेत, पवित्र कुमारी मरियमचे पुत्र आहेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. राजाने त्यांना आपल्या राज्यात सुखाने राहू दिले.

आधी चांगली वागणूक, मग जे समान आहे ते, आणि विचारले तर जे वेगळे आहे तेही, अदब राखून. कॉन्व्हेंटमधून बाहेर पडणाऱ्या मुलाला एवढे आले, तर त्याचे शिक्षण पुरे झाले असे समजावे.

यासाठी मुलाला काही गोष्टी ठाऊक हव्यात. कुरआनमध्ये हजरत ईसा (अलै.) यांचे नाव पंचवीस वेळा येते. नावाने उल्लेख असलेली एकमेव स्त्री म्हणजे हजरत मरियम, आणि त्यांच्या नावाची एक पूर्ण सूरह आहे. वर्गातल्या मैत्रिणीला हे सांगताना आपल्या मुलीची मान ताठ राहील. मुसलमान ईसांना मानत नाहीत, असे कुणी म्हटले तर ती शांतपणे सांगेल की मानतो, प्रेषित म्हणून मानतो, खुदा म्हणून नाही.

आणखी एक गोष्ट. बद्रच्या लढाईत पकडलेल्या कैद्यांपैकी ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे आणि सुटून जावे, अशी सवलत प्रेषितांनी (स.) दिली होती. ते शिक्षक मुसलमान नव्हते, काल-परवापर्यंत तलवार घेऊन समोर उभे होते. तरीही त्यांच्याकडून इल्म घेण्यात कमीपणा मानला नाही. मग ज्या सिस्टरने आपल्या लेकराचा हात धरून पहिले अक्षर गिरवून घेतले, तिचे उपकार मानण्यात ईमान कसे कमी होईल?

परिपाठ, रोजा आणि ओढणी

आता रोजच्या अडचणींबद्दल.

सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी काय करावे? आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २८ मधील तिसऱ्या कलमानुसार, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणून प्रवेशाच्या अर्जावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचावा आणि काही सांगायचे असेल तर मुख्याध्यापकांना भेटून, लेखी आणि नम्रपणे सांगावे. वर्षाच्या मध्येच मुलाला पुढे करून भांडण उभे करू नये.

१९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील तीन भावंडांच्या प्रकरणात निकाल दिला. ती एका ख्रिस्ती पंथाची मुले होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण त्यांच्या श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. आदराने उभे राहणे हा अनादर नव्हे, असे न्यायालयाने म्हटले आणि मुलांना परत शाळेत घ्यायला लावले. आम्ही पालकांना हेच सुचवतो: दुसऱ्याची प्रार्थना सुरू असताना मुलाने नीट उभे राहावे, गडबड करू नये, हसू नये. मनात आपली दुआ करावी.

हे जड वाटत असेल तर उलट बाजूने पाहा. मुस्लिम संस्थांच्या शाळांतही इतर धर्मांची मुले येतात. किरात सुरू असताना त्या मुलांनी कसे उभे राहावे असे आपल्याला वाटते? आणि त्यांना किरात म्हणायला लावावी असे वाटते का? ज्या अनुच्छेद ३० खाली आपल्या अंजुमनच्या शाळा चालतात, त्याच अनुच्छेदाखाली ख्रिस्ती बांधवांच्या शाळा चालतात. एकच माप दोन्हीकडे लावावे.

डोक्यावरच्या ओढणीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तिरुवनंतपुरमच्या एका ख्रिस्ती शाळेतील दोन मुस्लिम मुलींच्या प्रकरणात २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, गणवेश ठरवण्याचा संस्थेचा अधिकार वरचढ ठरवला. कर्नाटकच्या प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. कायद्याची वाट अशी सरळ नाही. म्हणून ज्या घराला ओढणी महत्त्वाची वाटते, त्या घराने गणवेशाचा नियम प्रवेशाआधीच विचारून घ्यावा. मुलीला मधल्या मध्ये ओढाताण सोसायला लावू नये.

रमजानचेही तसेच. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी दहावीचे काही पेपर रमजानमध्ये आले. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, म्हणून कोणत्या वर्षी काय जुळणार आहे हे आधीच कळते. सहरी वेळेवर व्हावी, तरावीहनंतर गप्पांत जागरण होऊ नये, अभ्यासाचे तास फजरनंतर ठेवावेत. घराने एवढे केले तर मुलांना रोजा ठेवून पेपर देणे पुष्कळ सोपे जाते. तब्येतीचा प्रश्न असेल तर मसला आलिमांना विचारावा, स्वतःच फतवा देऊ नये.

खरी परीक्षा दहावीनंतर

कॉन्व्हेंटमध्ये निदान रोज सकाळी अल्लाहची आठवण होईल असे काहीतरी घडत होते. कुणीतरी हात जोडत होते, कुणीतरी डोळे मिटत होते. आपण वेगळे आहोत आणि आपलीही इबादत आहे, हे मुलाला त्यातून रोज कळत होते. अकरावीला गोगटे-जोगळेकर कॉलेजात, पुढे मुंबई-पुण्याच्या हॉस्टेलवर, कुणीच प्रार्थना करायला सांगत नाही. कुणी अडवत नाही आणि कुणी आठवणही देत नाही. हातात मोबाइल असतो, खोलीत एकटेपणा असतो. ईमान कमकुवत होते ते बहुतेकदा इथे, दुसऱ्याच्या धर्मामुळे नव्हे, तर कुठलाच धर्म आठवत नसल्यामुळे.

म्हणून निकाल आणि अकरावी यांमधले हे दोन महिने वाया घालवू नयेत. मुलाला वा मुलीला रोज अर्धा तास जवळ बसवावे. रोजच्या नमाजमध्ये जे पढले जाते, सूरह फातिहापासून अत्तहियातपर्यंत, त्याचा अर्थ मराठीत समजावून द्यावा. सूरह मरियम आणि सूरह लुकमान तर्जुम्यासह एकत्र वाचाव्यात. लुकमान यांनी मुलाला केलेली नसीहत या वयाला फार जवळची आहे. मूल जे प्रश्न विचारेल त्यावर ओरडू नये. उत्तर येत नसेल तर इमामसाहेबांकडे सोबत जावे. आपल्या मशिदींनीही जून महिन्यात दहावी झालेल्यांसाठी, मुलींसाठी वेगळी सोय करून, मराठीतून महिनाभराचा वर्ग घ्यावा. त्याला ना इमारत लागते ना निधी. एक जाणकार माणूस आणि असरनंतरचा एक तास पुरतो.

आणि शाळेने दिलेले वाया जाऊ देऊ नये. इंग्रजी आले आहे तर मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेच्या मुलांना शिकवावे. सेवा करायला शिकले असेल तर सिव्हिल हॉस्पिटलात आलेल्या गावाकडच्या पेशंटचा फॉर्म भरून द्यावा. दीन आचरणात आणणे म्हणजे आणखी काय असते?

निरोप समारंभानंतर मुलाला घेऊन एकदा शाळेत जावे, बाईंना, सिस्टरना, शिपाईमामांना सलाम करून यावे. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, ही आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण आहे. अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो, त्या इल्मची समज देवो आणि ज्यांनी ज्यांनी त्यांना अक्षर शिकवले त्या सर्वांचे भले करो. आमीन.